एकोण

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे कुमुदिनीने लिहून ठेवलेल्या संख्येची बेरीज श्यामकांतने पायांतले बूट काढण्याआधीच करून टाकली, आणि ती छत्तीस आली. १९ ४९ ४९. एक नि नऊ दहा, चार मिळून चौदा, नऊ मिळून तेवीस, चार मिळून सत्तावीस, नऊ मिळून छत्तीस. भाजीची पिशवी हातात तशीच धरून त्याने ती उलट्या बाजूनेही करून पाहिली. बेरीज उलटीकडून केली म्हणून बदलत नाही हे त्याला कळत नव्हतं अशातला भाग नाही, पण कळलेल्या गोष्टी पुन्हा तपासण्याचाच त्याला पगार मिळत होता. अंबरनाथच्या कारखान्यात तो इन्स्पेक्शन खात्यात होता. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट शोधायची, सापडली नाही तर आपल्याच नजरेतून सुटली असेल असं समजून पुन्हा शोधायची, हे सोळा वर्षं केल्यावर नजर तशीच होऊन बसते. दूधवाला पाणी घालतो असं अख्खं बदलापूर म्हणे. श्यामकांत म्हणे, आज घातलेलं नाही, म्हणजे उद्या काहीतरी मागणार.

"सुदामभावजी येऊन गेले," ओट्यापाशी उभ्या असलेल्या कुमुदिनीने पाठमोरीच सांगितलं. "तुम्हाला द्यायला म्हणून आकडा सांगितला, तो मी लिहून घेतलाय. मूळ संख्या आहे म्हणाले."

"मूळ?"

"हो. आणि फिरवून बघायला सांगा म्हणाले. पहिला आकडा उचलून शेवटी न्यायचा, मग पुन्हा पहिला उचलून शेवटी न्यायचा, कितीही वेळा करा, मूळच राहते म्हणे. कोणीही पुढे बसलं तरी काही बिघडत नाही, असं म्हणाले."

"याच शब्दांत म्हणाला?"

"याच शब्दांत."

"आत का नाही आला मग?"

"चपला काढत होते, तेवढ्यात घड्याळ बघितलं आणि परत घातल्या. परतीच्या गाडीची वेळ झाली होती."

"हसत होता का?"

कुमुदिनी आता वळली. "भावजी कधी हसत नाहीत? तुम्ही आधी ती पिशवी ठेवा खाली."

त्याने पिशवी ठेवली, पण पान हातातून सोडलं नाही. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती, हे पाचवीतलं पोरही सांगेल. आणि आकड्यांच्या बेरजेला नऊने भाग गेला तर संख्येलाही जातो, हेही तेच पोर सांगेल. छत्तीसला नऊने भाग जातो. म्हणजे ही संख्या मूळ नाही, मुळीच नाही, आणि हे कळायला कागद-पेन्सिलसुद्धा लागत नाही. सुदामला हे दिसलं नाही असं म्हणणं म्हणजे सुताराला रंधा ओळखता येत नाही म्हणण्यासारखं होतं. सोळा वर्षांत सुदाम संख्येच्या बाबतीत एकदाही चुकला नव्हता. तेव्हा ही चूक नव्हती. चूक नसेल तर मग काय होतं, हा प्रश्न श्यामकांतच्या मनात आला आणि तिथेच घर करून बसला.

दोघं कारखान्यात लागले ते एकाच आठवड्यात, त्र्याहत्तर साली. श्यामकांत सोमवारी रुजू झाला, सुदाम गुरुवारी. सुदाम खरात अंबरनाथच्याच बुवापाड्याचा, आई भिमाबाई दुसऱ्यांच्या घरी कामं करून त्याला शिकवत आलेली, गणितात बोर्डात नंबर थोडक्यात हुकलेला. त्यांची मैत्री जमली ती माणसांमुळे नाही, नगांवरच्या नंबरांमुळे. प्रत्येक नगावर सहा-सात आकडी नंबर ठोकलेला असे, आणि एका दुपारी डबा खाताना सुदामने समोरच्या नगाकडे बघत म्हटलं होतं, "ही बघ, हिला तेराने भाग जातो." श्यामकांतला ते खरं वाटलं नाही, म्हणून त्याने भागून पाहिलं. गेला. तेव्हापासून रिवाज पडला. एकाने सोमवारी संख्या द्यायची, दुसऱ्याने शनिवारपर्यंत तिची कुंडली मांडायची. मूळ की संयुक्त, हे पहिलं. मग ती स्वतः सोडून तिचे सगळे विभाजक काढून त्यांची बेरीज करायची. संख्येपेक्षा कमी भरली तर संख्या न्यून, जास्त भरली तर विपुल, आणि बरोब्बर तेवढीच भरली तर परिपूर्ण. परिपूर्ण फार थोड्या. अठ्ठावीस आहे, एक, दोन, चार, सात आणि चौदा मिळून पुन्हा अठ्ठावीस. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात सुदामने आठ हजार एकशे अठ्ठावीस ही संख्या दिली होती आणि दोघांनी मिळून तिचे तेरा विभाजक एका जॉबकार्डाच्या पाठीमागे मांडले होते. बेरीज जशी जुळत गेली तसे दोघंही बोलायचे थांबले. शेवटचा आकडा बसला तेव्हा भोंगा होऊन गेला होता आणि डबे तसेच उघडे होते. त्या दुपारची आठवण श्यामकांतला पुढे बरीच वर्षं सुखाची वाटे. अलीकडे तो तीही तपासू लागला होता.

कारण आठ दिवसांपूर्वी नोटिसबोर्डावर यादी लागली होती. असिस्टंट फोरमनची एक जागा, आणि तिच्यासमोर सुदामचं नाव. तीन दिवसांनी मागून आलेला सुदाम. रोस्टर, म्हणजे राखीव जागांचा क्रम, असं एक शब्दाचं स्पष्टीकरण लोकांनी एकमेकांना दिलं आणि श्यामकांतच्या खांद्यावर हात ठेवले. सुदाम स्वतः यादी बघून थेट त्याच्या टेबलाशी आला होता, काहीतरी बोलायला. श्यामकांतने त्याच्या आधीच "काँग्रॅट्स" म्हणून टाकलं, इंग्रजीत, आणि फाईल उघडली. त्या दिवसापासून तो डबा आपल्याच टेबलावर खात होता. सुदाम दोनदा आला, दोन्ही वेळा फाईल उघडली गेली. फाईल एकच होती आणि ती कधीच निकालात निघालेली होती, पण हे सुदामला माहीत असायचं कारण नव्हतं. किंवा होतं. इन्स्पेक्शनचाच माणूस तो.

मन एकदा शंकेला लागलं की जुनं सगळं उकरून काढतं. या आठ दिवसांत श्यामकांतला एक शोध लागला होता. संख्या दिली की तो नेहमी म्हणे, "सांग बघू हिची जात." सोळा वर्षं हाच शब्द, त्यात काही गैर आहे असं त्याच्या कधी ध्यानीमनीही नव्हतं. आणि सुदाम दर वेळी उत्तर देताना म्हणे, "प्रकार संयुक्त," "प्रकार विपुल." एकदा, फार पूर्वी, तो म्हणालाही होता, "प्रकार म्हण ना." श्यामकांतने तेव्हा हसून सोडून दिलं होतं. सुदामने जात हा शब्द एकदाही उच्चारला नाही, हे आता त्याला दिसलं. दुसऱ्या एखाद्याला हे दिसलं असतं तर तो मान खाली घालून बसला असता. श्यामकांतला वाटलं, म्हणजे सोळा वर्षं हा मनात धरून होता.

तेव्हा हे पान. तो ते घेऊन खिडकीशी बसला. एकोणीसशे एकोणपन्नास, हे त्याचं जन्मसाल. सीनिऑरिटीच्या यादीत नावापुढे छापलेलं असतं, सुदामने ते बघितलेलं असणार. पुढे पुन्हा एकोणपन्नास, म्हणजे तेच दुसऱ्यांदा, बोट ठेवून दाखवल्यासारखं. आणि बेरीज छत्तीस. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच. कोणीही पुढे बसलं तरी काही बिघडत नाही. त्याने संख्या फिरवून पाहिली. ९४९४९१. ४९४९१९. आकडे तेच, त्यामुळे बेरीजही तीच. सहाही जागी छत्तीस, सहाही वेळा नऊने भाग जाणारच. म्हणजे हवी तशी फिरव, मी पुढे बसलोय आणि आपलं छत्तीसच. हे इतकं नेमकं बसलं की त्याला क्षणभर सुदामचं कौतुक वाटलं. खात्यात एखादा नग मापाला इतका तंतोतंत उतरला असता तर त्याने आधी गेजवर शंका घेतली असती. इथे मात्र त्याला वाटलं, खोटी गोष्ट इतकी नेमकी बसत नाही. त्याने नऊने भागलं, एकवीस हजार सहाशे एकसष्ट आले. ते पुढे कशाने फुटतात का ते तो जेवणाचं ताट वाढेपर्यंत पाहत बसला. फुटले नाहीत.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, पण त्याला स्वतःला ते पिवळं वाटत नसतं, स्वच्छ वाटतं. श्यामकांतला त्या रात्री फार स्वच्छ वाटलं. आठ दिवस विष्णुपंत त्याच्या मागे होते. विष्णुपंत डिस्पॅचचे प्रमुख आणि असोसिएशनचे सेक्रेटरी. या बढतीविरुद्ध कोर्टात अर्ज करायचा त्यांनी घाट घातला होता, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टायपिंगवाल्याकडे सह्या होणार होत्या. अर्ज मान्य झाला की सुदामची बढती थांबणार होती, कदाचित वर्षानुवर्षं. श्यामकांत आठ दिवस "बघतो" म्हणत आला होता. कारण काहीही असलं तरी तो सुदाम होता. आता ते कारण किती हलकं, हेच एका पानामागे लिहून आलं होतं.

रविवारी सकाळी शेअर रिक्षात चौथा म्हणून अर्ध्या मांडीवर बसून तो कॅम्प तीनला पोचला. टायपिंगचं दुकान एका जीन्सच्या कारखान्याच्या माडीवर होतं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीत बारा-पंधरा मशिनी आणि जमिनीवर निळ्या धाग्यांचा भुगा. जिन्याच्या तोंडाशी एक सिंधी म्हातारा शिवून झालेल्या पँटींवर परदेशी नावांची लेबलं लावत बसला होता. श्यामकांत थांबला. सवयीने त्याने एक पँट उचलून शिवण उलटी करून पाहिली. शिवण पक्की होती, त्यामुळे तो थोडा नाराज झाला.

"ये माल बाहर का है?" त्याने विचारलं.

"बाहर का काय को होगा साईं, तुम्हारे सामने बना है," म्हाताऱ्याने मान वर न करता उत्तर दिलं. "लेबल तो बाद में लगता है. पहले पैंट बनता है."

याचाही काहीतरी अर्थ असणार, असं त्याला जिना चढताना वाटत राहिलं. वर विष्णुपंत होते, पंख्याखाली, मांडीवर जाड पुठ्ठा घेऊन. खालच्या मशिनींनी फरशी पायाखाली बारीक थरथरत होती. त्यांनी अर्ज पुढे केला. तीन पानं, इंग्रजी, शेवटच्या पानावर नऊ नावं. आठांच्या सह्या झालेल्या होत्या, दुसऱ्या क्रमांकापासून खाली. पहिली ओळ कोरी होती आणि तिच्यापुढे श्यामकांतचं नाव टाईप केलेलं होतं.

"पहिला मी का?"

"तुम्ही सर्वांत सीनियर, श्यामकांतराव. तुमच्यावरच तर अन्याय झालाय."

"तुमची सही कुठेय?"

"मी पदाधिकारी. मला अर्जदार होता येत नाही." विष्णुपंत समजूतदारपणे हसले. "हे बघा, सुदाम मनुष्य म्हणून चांगलाच आहे. आपला कोणाशी व्यक्तिगत वाद नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

आठ जणांनी आपल्यासाठी पहिली जागा कोरी सोडली ती मानाने, की पुढे ढकलायला, ही शंका त्याला आली. ती अगदी रास्त शंका होती आणि एरवी ती त्याला महिनाभर पुरली असती. पण संशयाचाही एक कोटा असतो. त्याचा सगळा खिशातल्या घडी केलेल्या पानावर खर्च झाला होता. त्याने पेन उघडलं, छत्तीस मनात म्हटलं आणि सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली. अर्ज सोमवारी अकराला वकिलाकडे जायचा होता. खाली उतरताना त्याला भूक लागल्याचं जाणवलं, आठ दिवसांनी पहिल्यांदाच नीट भूक.

जेवायला आमटी होती, वांग्याचं भरीत होतं. कुमुदिनी वाढता वाढता सहज म्हणाली, "मग सुटला का भावजींचा आकडा? मला बाई गंमत वाटली. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस. नुसतं एकोण, एकोण. मी म्हटलंसुद्धा, भावजी, सगळ्यांतच एकेक कमी का हो?"

श्यामकांतचा घास हातात राहिला. "काय म्हणालीस?"

"सगळ्यांतच एकेक कमी का, असं."

"त्याच्या आधी. आकडा परत सांग."

"एकोणीस, एकोणचाळीस, एकोणचाळीस."

तो उष्ट्या हाताने उठला, डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून पान काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे काय लिहिलंयस?"

"एकोणचाळीस."

"हे एकोणपन्नास आहे."

तिने पान जवळ घेतलं, ओठांत काहीतरी पुटपुटली. "अगं बाई, खरंच की. चाळीस ऐकलं की हात चारावरच जातो माझा. शाळेतही असंच व्हायचं, बाई पट्टी मारायच्या. एकोणीस तेवढं बरोबर येतं."

आपल्या भाषेने खणलेल्या या खड्ड्यात पडला नाही असा मराठी पोर विरळा. एकोण म्हणजे एक उणा. चाळिसाला एक कमी, तेव्हा लिहायचे एकोणचाळीस, ३९. पण कान चाळीस ऐकतो आणि हात चारावर जातो. बहुतेकांचा हा खोडा चौथीपर्यंत सुटतो, काहींचा जन्मभर सुटत नाही. चौदा वर्षांच्या संसारात श्यामकांतने दूध तपासलं, रेशनचं वजन तपासलं, घड्याळ रेडिओशी ताडून पाहिलं, पण बायकोच्या हातचा आकडा तेवढा कधी तपासला नव्हता. सगळ्या जगात त्याने विश्वासासाठी एवढीच जागा ठेवली होती.

"मग काय म्हणाला तो? एकेक कमी का म्हणून विचारलंस त्यावर?"

"म्हणाले, वहिनी, पुऱ्या असत्या तर कोणीही भाग घातला असता. दोनाने गेला असता, पाचाने गेला असता. एकेक कमी आहे म्हणून अखंड राहिली." कुमुदिनी त्याच्याकडे बघत राहिली. "आमटी गार होतेय. एवढं काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला.

१९३९३९. बेरीज चौतीस. नऊ गेला, तीन गेला. तो वही घेऊन बसला. अशा संख्येची परीक्षा घ्यायची तर चारशे चाळीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. तशा ब्याऐंशी उरतात, दोन, तीन आणि पाच सोडून. साताने भागल्यावर चार उरले. अकराने नऊ. तेराने पाच. सतराने तीन. आपण काय करतोय हे त्याला पंधरा-वीस भागाकार झाल्यावर कळलं. तो संख्या मूळ निघावी म्हणून भागत नव्हता. कशाने तरी एकदा भाग जावा म्हणून भागत होता. एक जरी विभाजक सापडला असता तरी सुदाम खोटं बोलला असं ठरलं असतं, मग ते एकोणपन्नास असो की एकोणचाळीस, आणि सकाळची सही खरी ठरली असती. तेविसाने भागल्यावर तीन उरले. एकतिसाने भागल्यावर पुन्हा तीनच. सतरा, तेवीस, एकतीस, तिन्ही वेळा तीन. यात काहीतरी आहे असं वाटून तो थांबला. यात काही नव्हतं. तीन उरतात म्हणजे भाग जात नाही, एवढंच त्यात होतं. सदतीसने बावीस उरले. दुपार कलली, कुमुदिनीने चहा आणून ठेवला, चहावर साय धरली. शेवटच्या चारशे एकोणचाळीसने तीनशे चाळीस उरले, आणि वहीत आणखी भागण्यासारखं काही राहिलं नाही. संख्या मूळ होती. पहिला आकडा उचलून शेवटी नेला, ९३९३९१ झाली. हिच्यासाठी साडेनऊशेच्याही पुढे जावं लागलं असतं. त्याने पेन्सिल ठेवली. फिरवलेल्या पाचही संख्या त्याने तपासल्या नाहीत, सुदामच्या शब्दावर सोडून दिल्या. सोळा वर्षांत असं पहिल्यांदा केलं, आणि तेही एक दिवस उशिरा.

कोणीही पुढे बसलं तरी काही बिघडत नाही. आता त्या वाक्यात टोमणा शोधूनही सापडेना. बढती झालेला माणूस गाडीने एक स्टेशन येतो, दारात उभा राहून मित्राच्या बायकोला एवढंच सांगतो आणि आत न येता परत जातो. त्याला दुसरं कसं सांगता आलं असतं? समोर फाईल उघडून बसलेल्या माणसाला संख्येखेरीज सांगणार तरी काय? वही मिटून श्यामकांत उठला. तो चहा न पिताच निघाला.

अंबरनाथला उतरून बुवापाड्यात शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुदामचं घर त्याला माहीत नाही. सुदाम त्याच्याकडे बारशाला आला होता, गणपतीला आला होता, कुमुदिनीच्या आजारपणात रोज डबा घेऊन आला होता. भिमाबाई गेल्या तेव्हा श्यामकांत परस्पर स्मशानात गेला आणि तिथूनच कामावर परतला. त्याने पिठाच्या गिरणीवर विचारलं.

"कोण, खरातसर? पोरांची गणितं घेतात ते?" गिरणीवाल्याने हात वर केला. "सरळ जावा, टाकीच्या पुढं. कोणालाबी विचारा."

सुदाम दारात पाट टाकून टेबलफॅनची जाळी पुसत बसला होता. त्याने वर पाहिलं, आश्चर्य वाटल्याचं दाखवलं नाही. "ये. घर सापडलं का?"

"विचारत आलो."

"जना, श्याम आलाय," सुदामने आत सांगितलं, आणि त्याच्या बायकोने, जनाबाईने, आतूनच "या भाऊजी" म्हणून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला.

श्यामकांत लोखंडी खुर्चीच्या कडेवर बसला. "मी सही केली, सुदाम."

"माहितेय. पहिल्या नंबरवर."

"कोणी सांगितलं?" तोंडातून गेलंच, आणि गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

सुदामने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग श्यामकांतने सगळं सांगितलं, घाईघाईने, पान समोर धरून. कुमुदिनीचं चाळीस, तिचा चारावर जाणारा हात, एकोणपन्नास, जन्मसाल, बेरीज. बेरीज छत्तीस म्हटल्यावर सुदाम हसू लागला. खरोखरचा हसला, हातातलं फडकं डोळ्यांना लावून. "छत्तीस. अरे देवा. जना, ऐकलंस का गं? वहिनींनी छत्तीसचा आकडा करून टाकला." मग हसू आवरत म्हणाला, "नऊने भाग जाणारी संख्या मी तुला मूळ म्हणून पाठवीन होय रे?"

"म्हणून तर. मुद्दाम पाठवलीस असं वाटलं."

"मुद्दाम," सुदाम म्हणाला. फडक्याची त्याने घडी केली. "म्हणजे वहिनींनी बरोबर लिहिलं असतं तर तू सही केली नसतीस."

"नसती केली. शपथ घेऊन सांगतो."

"बरं मग. अजून काही बिघडलेलं नाही. अर्ज उद्या अकराला जाणार. त्याआधी विष्णुपंतांना सांग, माझं नाव काढा."

याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि तेच द्यायला आपण आलो आहोत असं श्यामकांतला गाडीतून उतरेपर्यंत वाटत होतं. "तसं नाही रे," तो म्हणाला. "ते टाईप झालंय. पहिलं नाव काढायचं म्हणजे तिन्ही पानं पुन्हा करायची. बाकीचे आठ जण काय म्हणतील? त्यांनी माझ्या भरवशावर सह्या केल्यात. आणि खरं सांगू का, हा तुझ्या-माझ्यातला प्रश्नच नाही, तत्त्वाचा आहे." शेवटचा शब्द विष्णुपंतांच्या आवाजात आला. त्याला लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी, तरी तो बोलत राहिला. रोस्टरबद्दल बोलला, तीन दिवसांबद्दल बोलला, कोर्टाला काय ते ठरवू दे म्हणाला. लांबलचक भागाकार चालू असताना शेवटी बाकी काय उरते ते बघत राहावं, तसा सुदाम ऐकत होता. जनाबाई चहा ठेवून गेली. श्यामकांतचं बोलणं आपोआपच संपलं.

"राहू दे," सुदाम म्हणाला. त्याने पान नीट घडी करून परत दिलं. "चहा घे. आणि वहिनींना सांग, त्यांनी लिहिलेलंच बरोबर होतं."

चहा गरम होता, तो त्याने तसाच संपवला. निघताना सुदाम पाटावरून उठला, टाकीपर्यंत सोबत आला, वाट दाखवली आणि परत फिरला. परतीच्या गाडीत श्यामकांतने कोणावर तरी संशय घेऊन पाहिला, विष्णुपंतांवर, त्या आठ जणांवर, पण एकही धड टिकेना. हाताशी उरला तो स्वतःच, आणि तिथे तपासण्यासारखं काही नव्हतं, सगळं उघडच होतं. उद्या अकरापर्यंत वेळ आहे, हे त्याने मनाशी दोन-तीनदा म्हटलं. आपण जाणार नाही, हेही त्याला तेवढंच ठाऊक होतं.

कुमुदिनी दारातच होती. "भेटले का भावजी? सांगितलीत का माझी चूक?"

"सांगितली."

"हसले?"

"खूप हसला."

"मग? काय म्हणाले?"

तिला समजावून सांगायचं तर सकाळच्या कॅम्प तीनपासून सांगावं लागलं असतं. "म्हणाला, तू लिहिलेलंच बरोबर होतं."

कुमुदिनीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा. म्हणजे एकोणपन्नासच म्हणाले असणार ते, आणि मी मेली दुपारपासून स्वतःला बोल लावत बसलेय. चूक भावजींचीच."

श्यामकांतने सदरा काढून खुंटीला अडकवला.

"हो," तो म्हणाला. "त्याचीच."